ताण-संप्रेरकांचा आरएनएवरचा परिणाम कसा मोजावा: टप्पे, क्रम आणि नेहमीच्या चुका

पेशींना डेक्सामेथासोन (कृत्रिम ताण-संप्रेरक) दिले, सहा तासांनी आरएनए काढला, क्यूपीसीआर (आरएनएचे प्रमाण मोजण्याची पद्धत) केले आणि हव्या त्या जनुकाचा एम-आरएनए (जनुकाचा संदेश वाहणारी प्रत) निम्म्यावर आलेला दिसला. वहीत लगेच ओळ पडते: "संप्रेरकामुळे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) कमी झाले." ही ओळ खरी असेलही, पण या प्रयोगातून ती निघत नाही. टाकीतले पाणी उतरले तर वरचा नळ बारीक झाला असेल किंवा खालचे बूच सैल झाले असेल. नुसत्या पातळीवरून दोन्हींतला फरक कळत नाही. ताण-संप्रेरके तर दोन्हीकडे हात घालतात, आणि बऱ्याचदा एकाच वेळी.

खालचे टप्पे ग्लुकोकॉर्टिकॉइड गटासाठी आहेत, म्हणजे कॉर्टिसॉल, कॉर्टिकोस्टेरोन आणि कृत्रिम डेक्सामेथासोन. ॲड्रेनालिनसाठी आणि जिवंत प्राण्यांतल्या ऊतींसाठी काय बदलावे ते शेवटाकडे आहे. पेशी वाढवणे आणि क्यूपीसीआर तुम्हाला येते असे धरले आहे.

## सुरुवातीआधी: कोणत्या वाटेने परिणाम होतो?

एम-आरएनएची स्थिर पातळी म्हणजे निर्मितीचा वेग भागिले विघटनाचा वेग-स्थिरांक. अर्धायुष्य म्हणजे ०.६९३ भागिले तोच स्थिरांक. या दोन ओळी सगळ्यांना पाठ असतात, पण वेळापत्रक ठरवताना त्या वापरल्या जात नाहीत.

ज्या एम-आरएनएचे अर्धायुष्य १० तास आहे, त्याचे प्रतिलेखन पूर्ण थांबले तरी २ तासांनी ८७ टक्के शिल्लक असतो. अर्धायुष्य ३० मिनिटांचे असेल तर त्याच २ तासांत ६ टक्के उरतो. त्यामुळे "२ तासांत काही फरक नाही" हे वाक्य दीर्घायुषी एम-आरएनएबद्दल काहीच सांगत नाही.

ग्लुकोकॉर्टिकॉइडच्या वाटा मुख्यतः चार:

पहिली वाट सगळ्यांना माहीत आहे. संप्रेरक जोडले गेले की पेशीद्रव्यातला रिसेप्टर (संप्रेरकाला धरणारे प्रथिन) काही मिनिटांत केंद्रकात जातो, डीएनएवरच्या ठरावीक क्रमांना किंवा दुसऱ्या प्रतिलेखन-घटकांना जाऊन भिडतो, आणि निर्मिती वाढते किंवा घटते.

दुसरी वाट वळणाची आहे. संप्रेरकामुळे झेडएफपी३६ जनुकाची निर्मिती वाढते. त्याचे प्रथिन टीटीपी हे अडेनिन-युरिडिनने भरलेल्या शेपटीच्या एम-आरएनएला धरून त्यांचा नाश घडवते. टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचा एम-आरएनए हे त्याचे नेहमीचे भक्ष्य. याच वेळी डीयूएसपी१ हे फॉस्फेट काढणारे विकरही वाढते आणि पी३८ कायनेजला (फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला) शांत करते. पी३८ शांत झाले की कॉक्स-२ सारख्या दाहाशी निगडित एम-आरएनएचे आयुष्य घटते. म्हणजे विघटन वाढते, पण त्यासाठी आधी नवे प्रतिलेखन आणि नवे प्रथिन लागते. ही अट लक्षात ठेवा. सातव्या टप्प्यातला सगळा क्रम तिच्यावर उभा आहे.

तिसऱ्या वाटेत रिसेप्टर थेट एम-आरएनएवरच बसतो. सीसीएल२ हे दाहाचे जनुक त्याचे चांगले अभ्यासलेले उदाहरण. संप्रेरक जोडलेला रिसेप्टर पीएनआरसी२ या जोडणाऱ्या प्रथिनामार्फत यूपीएफ१ या आरएनए-विघटनातल्या प्रथिनाला बोलावतो आणि तो एम-आरएनए झपाट्याने तोडला जातो, हे २०१५ मध्ये दाखवले गेले. इथे नव्या प्रतिलेखनाची गरज नसते.

चौथी वाट विसरली जाते आणि सर्वांत जास्त आकडे तीच बिघडवते. ग्लुकोकॉर्टिकॉइड पेशीतला एकूण आरएनएच बदलू शकतात. यकृताच्या पेशींत आरएनए निर्मिती वाढण्याकडे कल असतो. थायमसच्या आणि इतर लसिका पेशींत रायबोसोमल आरएनएची (प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोममधला आरएनए) निर्मिती मंदावते.

सावधान: "पेशीवरचा ताण" आणि "ताण-संप्रेरक" यांची गल्लत करू नका. उष्णता किंवा आर्सेनाइट दिल्यावर भाषांतरण (एम-आरएनएवरून प्रथिन बनणे) थांबते आणि पेशीद्रव्यात स्ट्रेस ग्रॅन्यूल (अडकलेल्या एम-आरएनएचे कण) दिसतात. तो वेगळा प्रतिसाद आहे. डेक्सामेथासोन दिलेल्या पेशींत असे कण दिसले तर आधी पेशींच्या तब्येतीवर, मग वाहक द्रावकावर (ज्यात संप्रेरक विरघळवले त्यावर) संशय घ्या.

## टप्पा १: पेशी निवडा आणि रिसेप्टर आहे याची खात्री करा

फुप्फुसाच्या ए५४९ पेशी या कामासाठी सोयीच्या आहेत. रिसेप्टर भरपूर आणि प्रतिसाद स्वच्छ. हेला पेशींतही तो असतो. उलट कॉस-७ आणि यू२ओएस पेशींत तो जवळजवळ नसतो, आणि एचईके२९३ मध्ये इतका कमी असतो की बाहेरून जनुक घातल्याशिवाय प्रयोग करण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेत आधीपासून आहेत म्हणून एचईके वापरणे ही या विषयातली सर्वांत महागडी काटकसर.

प्राणी कोणता यावर संप्रेरक ठरते. माणसात कॉर्टिसॉल, उंदीर आणि घुशीत (प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये) कॉर्टिकोस्टेरोन, गिनीपिगमध्ये पुन्हा कॉर्टिसॉल. मूत्रपिंडाच्या काही पेशींत ११-बीटा-एचएसडी२ हे विकर कॉर्टिसॉलला निष्क्रिय कॉर्टिसोन बनवते. तिथे कॉर्टिसॉलला प्रतिसाद दिसला नाही तर रिसेप्टरला दोष देण्याआधी या विकराची चौकशी करा.

तपासणी: मुख्य प्रयोगाआधी एक छोटा प्रयोग करा. १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन, ४ तास. मोजायची जनुके एफकेबीपी५, टीएससी२२डी३ आणि पर१. ही वाढलेली दिसली नाहीत तर पुढे जाऊ नका. तुमचे आवडते जनुक बदलले की नाही, याला तोवर काही अर्थ नाही.

## टप्पा २: माध्यमातले लपलेले संप्रेरक काढा

सीरममध्ये स्टेरॉइड संप्रेरके असतातच. त्यांच्यासकट प्रयोग केला तर तुमचा "संप्रेरक नसलेला" गट खरे तर "थोडे संप्रेरक असलेला" गट असतो.

१. माध्यमाच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचा. उपकला पेशींच्या अनेक माध्यमांत हायड्रोकॉर्टिसोन मुद्दाम घातलेले असते, आणि यकृतपेशींच्या माध्यमांत डेक्सामेथासोन. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजेच कॉर्टिसॉल. हे घटक वगळून माध्यम तयार करा.

२. कोळशाने स्टेरॉइड काढलेले सीरम वापरा आणि पेशी त्यात १६ ते २४ तास ठेवा. कोळसा स्टेरॉइडबरोबर थायरॉइड संप्रेरक आणि इतरही बरेच काही शोषून घेतो, म्हणून पेशी थोड्या मंद वाढतात. दोन्ही गटांना एकच सीरम, एकाच बाटलीतले.

३. शेवटचे माध्यम आदल्या संध्याकाळी बदला. संप्रेरक देताना माध्यम बदलू नका.

ताजे सीरम हाच पेशींना मोठा धक्का असतो: फॉस आणि पर१ तासाभरात उसळतात. पर१ तर तुमचे नियंत्रण-जनुक आहे! संप्रेरक द्यायच्या वेळी प्रत्येक वेलमधूनच (प्लेटमधल्या खळग्यातून) थोडे माध्यम काढून घ्या, त्यात संप्रेरक किंवा वाहक मिसळा आणि तेच हलक्या हाताने परत घाला. नियंत्रण वेललाही हीच हाताळणी मिळाली पाहिजे.

## टप्पा ३: मात्रा आणि गट

डेक्सामेथासोनचा रेणुभार ३९२.५. म्हणजे ३.९२ मिलिग्रॅम १ मिलिलिटर शुद्ध इथेनॉलमध्ये विरघळवले की १० मिलिमोलर साठा होतो. छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. त्यातून इथेनॉलमध्येच १०० मायक्रोमोलर द्रावण करा आणि ते माध्यमात हजारास एक या प्रमाणात घाला: १०० नॅनोमोलर संप्रेरक, ०.१ टक्का इथेनॉल.

डेक्सामेथासोन रिसेप्टरला काही नॅनोमोलर इतक्या कमी मात्रेतही घट्ट धरते, त्यामुळे १०० नॅनोमोलरला रिसेप्टर जवळपास भरलेला असतो. त्याहून शंभरपट घालून परिणाम शंभरपट होत नाही. यकृतपेशींत मात्र पीएक्सआर नावाचा वेगळाच रिसेप्टर जागा होतो आणि तुम्ही त्याचे परिणाम ग्लुकोकॉर्टिकॉइडच्या नावावर लिहिता.

प्रश्न शरीरातल्या ताणाबद्दल असेल तर कॉर्टिसॉलच वापरा. माणसाच्या रक्तात सकाळी एकूण कॉर्टिसॉल साधारण १४० ते ६९० नॅनोमोलर असते, पण त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक प्रथिनांना बांधलेले असते. पेशीपर्यंत पोचणारे मुक्त संप्रेरक काही दशक नॅनोमोलर, एवढेच.

किमान चार गट हवेत: फक्त वाहक, संप्रेरक, मिफेप्रिस्टोन (रिसेप्टर अडवणारे औषध), मिफेप्रिस्टोन अधिक संप्रेरक. मिफेप्रिस्टोन १ मायक्रोमोलर, संप्रेरकाच्या ३० ते ६० मिनिटे आधी. एकट्या मिफेप्रिस्टोनचा गट खर्च वाचवायला गाळला जातो, गाळू नका. ते प्रोजेस्टेरोनच्या रिसेप्टरलाही अडवते आणि काही पेशींत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला स्वतःच थोडे चेतवते. गटांत वाहकाचे प्रमाण समान ठेवा.

## टप्पा ४: वेळापत्रक उलटे लावा

सगळ्या वेल्सना सकाळी नऊला संप्रेरक द्यायचे आणि मग वेळ होईल तशा उचलायच्या, ही पद्धत सोपी आणि चुकीची आहे. २४ तासांच्या वेलमधल्या पेशी ३० मिनिटांच्या वेलपेक्षा जवळपास एक दिवस जास्त वाढलेल्या असतात, दाटी वेगळी, माध्यम वापरलेले.

उलटे करा. सर्वांत लांब वेळेच्या वेलला आधी संप्रेरक द्या, सर्वांत छोट्या वेळेच्या वेलला शेवटी, आणि सगळ्या एकाच वेळी उचला. चांगली मालिका: ०, ३० मिनिटे, १, २, ४, ८ आणि २४ तास. एवढे जमत नसेल तर ३० मिनिटे, २ तास आणि ८ तास. केवळ २४ तासांचा एकच बिंदू घेण्यापेक्षा प्रयोग न केलेला बरा.

त्या बिंदूत दोन खोड्या आहेत. एक, डेक्सामेथासोन पेशींची दैनिक घड्याळे एका ठेक्यात आणते. नियंत्रण पेशी आपापल्या वेळेवर चाललेल्या असतात, तुमच्या पेशी एकसाथ. २४ तासांनी दिसलेला फरक घड्याळाच्या टप्प्याचाही असू शकतो. दोन, दीर्घकाळ संप्रेरक मिळाल्यावर अनेक पेशी स्वतःच्या रिसेप्टरचीच पातळी खाली आणतात.

तपासणी: प्लेटचा नकाशा कागदावर काढून प्रत्येक वेलपुढे संप्रेरक देण्याची घड्याळातली वेळ लिहा. उलट्या मालिकेत बहुतेक चुका गणिताच्या नसतात, पहाटे चार वाजता कोणती वेल हे आठवण्याच्या असतात.

## टप्पा ५: आरएनए काढा, आणि त्याआधी मोजणी कशावर टेकवायची ते ठरवा

पेशी ट्रिप्सिनने सुट्या करून नळीत गोळा करू नका. त्या दहा-पंधरा मिनिटांत अल्पायुषी एम-आरएनए बदलून जातात. माध्यम ओतून द्या, थंड क्षार-द्रावणाने एकदा धुवा आणि ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए जपणारे फिनॉलयुक्त द्रावण) थेट वेलमध्ये घाला.

पुढचा क्रम ठरलेला: १ मिलिलिटर ट्रायझॉलला ०.२ मिलिलिटर क्लोरोफॉर्म. सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी वर १५ मिनिटे ४ अंशांना फिरवा. वरचा पारदर्शक थर उचला, सीमेला टोक लावू नका. अर्धा मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल. पुन्हा १० मिनिटे फिरवा. ७५ टक्के इथेनॉलने धुवा. गोळा पूर्ण कोरडा करू नका, नाहीतर विरघळत नाही. मग डीएनेज (डीएनए तोडणारे विकर). हे ऐच्छिक नाही, कारण पुढे इंट्रॉनवर (आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) प्रायमर (मोजायचा भाग ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावायचे आहेत आणि इंट्रॉन डीएनएतही असतोच.

सावधान: ट्रायझॉलचा कचरा ब्लीचमध्ये कधीही ओतू नका, त्यातल्या ग्वानिडिनशी ब्लीचची प्रक्रिया होऊन विषारी वायू निघतात. फिनॉल त्वचा भाजतो, काम धूरकक्षातच करा.

तपासणी: प्रकाश-शोषणाचे २६०/२८० (नॅनोमीटर) गुणोत्तर २ च्या आसपास, २६०/२३० किमान १.८, अखंडता-अंक (आरएनए किती न तुटलेला, १० पैकी) ८ किंवा वर. विघटन मोजायच्या प्रयोगात तुटका आरएनए चालवून घेऊ नका. तो पेशीत तुटला की नळीत, हे नंतर कळत नाही.

आता मोजणीचा आधार. समजा, लसिका पेशीत एकूण आरएनए १० पिकोग्रॅम होता, संप्रेरकाने तो ७ झाला, आणि तुमच्या जनुकाचे रेणू पेशीमागे १०० होते ते १०० च राहिले. दोन्ही गटांतून १ मायक्रोग्रॅम आरएनए घेऊन सी-डीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनएची प्रत) केला तर संप्रेरकाच्या गटात त्या जनुकाची ४३ टक्के "वाढ" दिसेल. पेशीत काहीच वाढलेले नाही. तुम्ही जास्त पेशींचा आरएनए घेतलात, इतकेच.

उपाय असा: प्रत्येक गटात एक जादा वेल ठेवून पेशी मोजा. ट्रायझॉल घालताना पेशींच्या संख्येच्या प्रमाणात बाहेरचा आरएनए मिसळा: ईआरसीसीचे ९२ कृत्रिम आरएनएचे मिश्रण, किंवा तुमच्या प्राण्यात नसलेला एखादा आरएनए. तो काढणीच्या आधी घालायचा. काढणीनंतर, आरएनएचे वजन समान केल्यावर घातला तर वरचीच चूक दुसऱ्या नावाने होते.

संदर्भ-जनुकांवर (पातळी बदलत नाही असे धरून तुलनेला घेतलेली जनुके) आंधळा विश्वास नको. जीएपीडीएच हे चयापचयातले जनुक आहे आणि ग्लुकोकॉर्टिकॉइडचे मुख्य काम चयापचय हलवणे. टीबीपी, पीपीआयए, आरपीएलपी० असे तीन उमेदवार समान पेशीसंख्येवर तपासा आणि संप्रेरकाने न हलणारे दोन ठेवा.

सी-डीएनएसाठी यादृच्छिक हेक्सामर (आरएनएवर कुठेही बसणारे सहा अक्षरी प्रायमर) वापरा. ऑलिगो-डीटी (एम-आरएनएच्या पॉली-ए शेपटीवर बसणारा प्रायमर) इथे दोनदा फसवते. १८एस या रायबोसोमल आरएनएला पॉली-ए शेपूट नसते, तेव्हा ऑलिगो-डीटीने बनवलेल्या सी-डीएनएवर १८एस संदर्भ म्हणून मोजणे निरर्थक. शिवाय विघटनाची सुरुवातच शेपूट खुडण्यापासून होते. शेपूट गेलेला पण अजून अखंड असलेला एम-आरएनए ऑलिगो-डीटीला दिसत नाही आणि अर्धायुष्य खऱ्यापेक्षा कमी निघते.

## टप्पा ६: निर्मिती वेगळी मोजा

स्वस्त मार्ग आधी. इंट्रॉन काही मिनिटांत कापला जातो, त्यामुळे इंट्रॉनयुक्त पूर्व-एम-आरएनएची पातळी साधारण चालू प्रतिलेखन दाखवते. जनुकाच्या एका इंट्रॉनमध्ये प्रायमरची एक जोडी घ्या आणि एक्झॉन-जोडावर (कापणीनंतर उरणारे भाग जिथे जुळतात तिथे) दुसरी. प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्के असावी. दहापट सौम्य केलेल्या मालिकेत उतार उणे ३.३ च्या आसपास येतो. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून सी-डीएनए बनवणारे विकर) न घातलेला नमुना प्रत्येक आरएनएसाठी लावा. इंट्रॉनच्या जोडीला त्यातही सिग्नल येत असेल तर डीएनेज पुन्हा.

वाचन सरळ आहे. इंट्रॉन आणि एक्झॉन दोन्ही सारखेच घटले: निर्मिती घटली. इंट्रॉन तसाच, एक्झॉन घटला: विघटन वाढले असण्याची शक्यता, आता सातव्या टप्प्याने सिद्ध करा. इंट्रॉन वाढला आणि एक्झॉन नाही: कापणी मंदावली असू शकते, किंवा तुम्ही फार लवकर मोजले.

महाग मार्ग म्हणजे ४-थायोयुरिडिन. ते २०० ते ५०० मायक्रोमोलर, ३० ते ६० मिनिटे दिले की नव्या आरएनएत बसते. त्याला बायोटिन जोडून स्ट्रेप्टाव्हिडिनच्या मण्यांवर ओढता येते, किंवा आयोडोअसिटामाइडने रासायनिक खूण करून अनुक्रमणात टीच्या जागी सी मोजता येतो. इथल्या चुका ठरावीक:

- खूण केलेल्या पेशी आणि आरएनए उजेडात ठेवणे. नळ्यांना फॉइल गुंडाळा.
- जास्त मात्रा जास्त वेळ देणे. त्याने रायबोसोमल आरएनएची जडणघडण अडते आणि केंद्रिका बिथरते.
- बायोटिन जोडताना डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉलचा अंश राहणे. जोडणी होतच नाही.
- खूण न केलेल्या पेशींचा आरएनए त्याच मण्यांवरून न नेणे. त्याशिवाय पार्श्वभूमी किती ते कळत नाही.

आणखी एक, जरा खोल. खूण कमी बसली म्हणजे निर्मिती कमी झाली असे थेट म्हणू नका. लसिका पेशींत ग्लुकोकॉर्टिकॉइड पोषकद्रव्ये आत घेण्यावरही परिणाम करतात. आत शिरणारे थायोयुरिडिनच कमी झाले असेल तर प्रत्येक जनुकाची निर्मिती घटल्यासारखी दिसेल. सगळी जनुके एकाच प्रमाणात घटली असतील तर आधी हीच शंका घ्या.

## टप्पा ७: विघटन मोजा, इथे क्रम हेच सर्वस्व

ॲक्टिनोमायसिन डी ने प्रतिलेखन थांबवायचे आणि उरलेला एम-आरएनए किती वेगाने घटतो ते बघायचे, ही पद्धत जुनी आणि उपयोगी आहे. पण ती संप्रेरकाबरोबर वापरताना बहुतेक जण दोन्ही एकदम देतात. मग टीटीपी आणि डीयूएसपी१ तयारच होत नाहीत, कारण त्यांचे प्रतिलेखनही थांबलेले असते. दुसरी वाट तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलेली असते, आणि निष्कर्ष लिहिला जातो: "संप्रेरकाचा स्थैर्यावर परिणाम नाही."

म्हणून दोन संच लावा.

संच अ: संप्रेरक किंवा वाहक २ ते ४ तास आधी. संप्रेरक न काढता ॲक्टिनोमायसिन घाला. हा शून्य क्षण.

संच आ: संप्रेरक आणि ॲक्टिनोमायसिन एकाच वेळी.

फरक फक्त अ मध्ये दिसला तर परिणामाला नवे जनुक-उत्पादन लागते. आ मध्येही दिसला तर नव्या प्रतिलेखनाची गरज नाही. रिसेप्टर थेट एम-आरएनएवर काम करतो का, हा प्रश्न विचारण्याजोगा झाला. सीसीएल२ किंवा टीएनएफसारखी दाहाची जनुके शांत पेशीत फारशी चालू नसतात, म्हणून दोन्ही संचांत आधी इंटरल्युकिन-१-बीटा किंवा तत्सम चेतना द्यावी लागते. तीही दोन्ही गटांना सारखीच, आणि घड्याळ लावून.

कृती:

१. ॲक्टिनोमायसिन ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर डीएमएसओमध्ये; वेलमध्ये हजारास एक, म्हणजे ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. मात्रा फार कमी, काही दशक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवली तर मुख्यतः रायबोसोमल आरएनएची निर्मिती थांबते आणि एम-आरएनएची चालू राहते. औषध विषारी आणि उजेडाला नाजूक आहे.

२. ०, ३० मिनिटे, १, २ आणि ४ तासांना वेल्स उचला. सहा तासांपलीकडे जाऊ नका. पेशी मरू लागतात आणि काही एम-आरएनए कृत्रिमरीत्या टिकाऊ बनतात.

३. मोजणीचा आधार १८एस किंवा बाहेरचा आरएनए. सामान्य संदर्भ-जनुकाचा एम-आरएनए इथे स्वतःच घटत असतो.

४. प्रत्येक गटाची पातळी त्याच गटाच्या शून्य क्षणाला १०० धरून मांडा. नैसर्गिक लॉगरिदम घ्या, काळासमोर रेघ ओढा; उताराचे चिन्ह बदलले की विघटनाचा स्थिरांक.

तपासणी: मिक (एमवायसी) जनुकाचा एम-आरएनए अल्पायुषी असतो, तासाभरात तो जोरात घसरला पाहिजे. तुमच्या जनुकाचा इंट्रॉनही अर्ध्या तासात जवळजवळ नाहीसा व्हावा. तसे झाले नाही तर प्रतिलेखन थांबलेलेच नाही. आकडे फेकून द्या.

कल्पित आकड्यांनी बघू. वाहकाच्या गटात ०, १, २, ४ तासांना १००, ८४, ७१, ५०: अर्धायुष्य ४ तास, स्थिरांक तासाला ०.१७३. संप्रेरकाच्या गटात १००, ७१, ५०, २५: अर्धायुष्य २ तास, स्थिरांक ०.३४७. विघटन दुप्पट झाले, म्हणजे निर्मिती तशीच राहिली तर स्थिर पातळी निम्मी व्हायला हवी. तुमच्या चौथ्या टप्प्यातल्या मालिकेत ती पाव झालेली दिसत असेल, तर निर्मितीही निम्मी झाली आहे, आणि सहाव्या टप्प्यातला इंट्रॉन हेच सांगायला हवा. तीन मोजण्या एकमेकींशी जुळतात का, हे बघण्यासाठीच एवढा खटाटोप.

ॲक्टिनोमायसिन नको असेल तर ४-थायोयुरिडिनवरूनही अर्धायुष्य निघते. नव्या आरएनएचा एकूणातला वाटा म्हणजे १ वजा घातांकी (उणे स्थिरांक गुणिले वेळ). तासाभराच्या खुणेनंतर वाटा ०.१६ असेल तर अर्धायुष्य सुमारे ४ तास, ०.२९ असेल तर सुमारे २. ही गणना पातळी स्थिर असतानाच लागू पडते. संप्रेरक दिल्यावरच्या पहिल्या तासांत पातळी हलत असते, तेव्हा खूण करण्याच्या सुरुवातीची आणि शेवटची एकूण पातळी मोजा. त्यांत ठळक फरक असेल तर हे सूत्र वापरू नका.

सायक्लोहेक्झिमाइडने नवे प्रथिन अडवून वाटा वेगळ्या करता येतात, पण ते स्वतःच अनेक अल्पायुषी एम-आरएनए टिकवून धरते. एकट्या सायक्लोहेक्झिमाइडचा गट नसेल तर तो प्रयोग वाचता येत नाही.

## ॲड्रेनालिन गटासाठी काय बदलावे

इथे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतो आणि सगळे वेगात घडते: पेशीतला संदेशवाहक रेणू सीएएमपी, त्याने जागे होणारे विकर पीकेए, क्रेब या प्रतिलेखन-घटकावर फॉस्फेट, आणि एनआर४ए१ किंवा फॉससारखी जनुके तासाभरात शिखरावर. म्हणून वेळबिंदू १५, ३०, ६० आणि १२० मिनिटे. ॲड्रेनालिन माध्यमात ऑक्सिडीकरणाने खराब होते. प्रत्येक वेळी ताजे करा, ॲस्कॉर्बिक आम्ल घाला आणि तेवढेच आम्ल नियंत्रणालाही. द्रावण गुलाबी झाले असेल तर टाकून द्या. दीर्घकाळ चेतना दिल्यावर बीटा-२ रिसेप्टरचा स्वतःचाच एम-आरएनए अस्थिर होतो, त्यामुळे लांबलेल्या प्रयोगात प्रतिसाद मावळला तर ते अपेक्षितच आहे.

## जिवंत प्राण्यांतली ऊती घ्यायची असेल तर

प्राणी-नीती समितीची परवानगी हातात आल्यावरच. उंदरांत पिंजऱ्याला हात लागल्यापासून साधारण तीन मिनिटांनंतर रक्तातले कॉर्टिकोस्टेरोन चढू लागते. "ताण नसलेल्या" गटातला शेवटचा उंदीर तोपर्यंत शेजाऱ्यांची धडपड ऐकून ताणात गेलेला असतो. एका पिंजऱ्यातले सगळे एका दमात घ्या किंवा प्राणी आधीच वेगळे ठेवा, आणि गटांची पाळी मिसळा. उंदीर-घुशी निशाचर, त्यांचे संप्रेरक संध्याकाळी, अंधार पडण्याच्या सुमारास शिखरावर असते, माणसाचे सकाळी. सर्व नमुने दिवसाच्या एकाच वेळेच्या खिडकीत घ्या. ऊती लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये, रक्ताचा थेंब वेगळा ठेवून त्यात संप्रेरक मोजा. ऊतीत अनेक प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. संप्रेरकाने थायमसमधल्या लसिका पेशी मरतात, तेव्हा एखादा एम-आरएनए "घटला" याचा अर्थ तो बाळगणाऱ्या पेशीच गेल्या असाही होऊ शकतो.

## टप्पा ८: आकडे मांडताना

एका प्लेटमधल्या तीन वेल्स म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या खेपेच्या पेशींवर, नव्याने केलेल्या द्रावणांनी किमान तीनदा प्रयोग करा. एका दिवसातल्या वेल्सची सरासरी काढून तो एक आकडा धरा. अर्धायुष्याची तुलनाही प्रत्येक दिवसाच्या उतारांवरून करा, सगळे बिंदू एका आलेखात ओतून नाही.

निष्कर्षाची ओळ पुराव्याएवढीच लांब ठेवा. फक्त पहिल्या पाच टप्प्यांपर्यंत गेला असाल तर "एम-आरएनएची पातळी घटली" इतकेच लिहा. इंट्रॉनही मोजला असेल तर "प्रतिलेखन घटल्याशी सुसंगत". संच अ आणि आ दोन्ही असतील तर विघटनाबद्दल बोला, आणि ते अप्रत्यक्ष की थेट तेही. रिसेप्टर त्या एम-आरएनएवर बसतो असे लिहायचे असेल तर मात्र वेगळा प्रयोग लागतो: रिसेप्टरच्या प्रतिपिंडाने आरएनए ओढून काढणे, आणि सोबत रिसेप्टर नसलेल्या पेशींचे नियंत्रण.